सुई देणारा हात



गेल्या महिन्यात आपल्या पालकीय मंडळाच्या बैठकीत प्रायश्चित्तकाळातील दानपेटीचा विषय निघाला. ही रक्कम कुठे द्यायची यावर आपल्याकडे एरवी फारसा वाद होत नाही. कुणाच्या घराचे पत्रे वादळात उडालेले असतात, कुणाच्या मुलीची नर्सिंगची फी राहिलेली असते. या वेळी मात्र एका तरुणाने सुचवले की, काही भाग मुंबईत नशेची इंजेक्शने घेणाऱ्या लोकांमध्ये काम करणाऱ्या एखाद्या केंद्राला द्यावा. तो दोन वर्षे मुंबईत नोकरीला होता. रेल्वेच्या रुळांकडेला बसलेली ही माणसे त्याने रोज पाहिली आहेत. "ही केंद्रे नेमके काय करतात?" असे कुणीतरी विचारले. तो म्हणाला, "जखमा धुतात, चहा देतात, दवाखान्यात नेतात, नव्या सुया देतात." सुया हा शब्द आला आणि बैठकीचा नूरच बदलला. "म्हणजे आपल्या उपवासाच्या पैशांनी गर्दुल्ल्यांना सुया घेऊन द्यायच्या का, फादर?" हा प्रश्न थेट माझ्याकडे आला.

मी तेव्हा उत्तर दिले नाही. लिहून देतो म्हणालो. उत्तर टाळण्याचा हेतू नव्हता. हा प्रश्न माझ्या मनात गेली वीस वर्षे आहे, आणि त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते. ती आधी सांगतो.

२००६ च्या मे महिन्यात, सेमिनरीत शिकत असताना, मला सुटीतील सेवाकार्यासाठी मुंबईत पाठवले होते. एका केंद्रात दोन आठवडे मदत करायची होती. एक लांबट खोली, बाकडी, आंघोळीसाठी नळ, मलमपट्टीचे टेबल. एका कोपऱ्यात जाड प्लास्टिकचा डबा होता, त्यात वापरलेल्या सुया परत टाकायच्या. जितक्या परत, तितक्या नव्या, आणि त्याची वहीत नोंद. नशेचा कण तिथे मिळत नसे, नशा करूही देत नसत. मी तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेला, डोक्यात संत थॉमस अक्वायनस, वय पंचविशीच्या आसपास. मला ते सगळे बघून आतून रागच येत असे.

एके दुपारी तिथला कार्यकर्ता एका आजाऱ्याला घेऊन रुग्णालयात गेला होता आणि मी एकटाच होतो. एक माणूस आला. दंडावर गळू झालेले, त्यावर चिंधी बांधलेली. त्याने दोन सुया मागितल्या. त्याच्या बोलण्यावरून मी ओळखले की हा आपल्या भागातला. विचारले तर म्हणाला, "हाओ ब्रदर, मलकापूरकडचाच हाओ मी." गावाकडचा माणूस म्हटल्यावर मला अधिकच स्फुरण चढले. मी त्याला बसवले, पाणी दिले आणि अर्धा तास उपदेश केला. आई, घर, देव, शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर, सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ब्रदर, सुई?" मी म्हणालो, माझ्या हातून ते होणार नाही. तो उठला. खिडकीतून मी पाहिले, रुळाकडे जाऊन त्याने कुणाच्या तरी हातातली वापरलेली सुई घेतली. मला त्याचे नाव माहीत नाही आणि पुढे त्याचे काय झाले तेही माहीत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मात्र मी स्वतःवर खूश होतो. पापाला हातभार लावला नाही म्हणून.

आता थोडी माहिती, कारण आपल्याकडे व्यसन म्हटले की दारू, खर्रा आणि तंबाखू एवढेच डोळ्यांसमोर येते. (ज्यांनी बैठकीत सर्वांत मोठ्या आवाजात आक्षेप घेतला, त्यांच्या वरच्या खिशात चुन्याची डबी होती. नाव सांगत नाही.) गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबईत १९८० च्या दशकात पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, आणि त्यातूनच डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झाले. त्याआधी १९८१ मध्ये आपल्याच एका धर्मगुरूंनी, फादर ज्यो परेरा यांनी, मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले होते. हजारो घरे या संस्थांनी सावरली आहेत. व्यसन पूर्ण सुटावे हाच त्यांचा मार्ग आहे, आणि तोच शेवटचा मुक्काम आहे यात मला शंका नाही.

पण काही माणसे गर्दचा धूर ओढता ओढता इंजेक्शनवर येतात, कारण कमी मालात जास्त नशा होते आणि खिशात पैसे नसतात. माल मिळाला नाही की औषध दुकानातली वेदनाशामके टोचून घेतात. सुई एक आणि माणसे चार, असे होते. सुईच्या पोकळीत आधीच्या माणसाचे रक्त राहते, आणि त्या रक्तातून एचआयव्ही जातो, हिपॅटायटिस सी जातो. हिपॅटायटिसचा विषाणू तर सिरिंजमध्ये कित्येक आठवडे टिकून राहू शकतो. सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, इंजेक्शनने नशा करणारे आपल्या देशात सुमारे साडेआठ लाख असल्याचा अंदाज आहे. सरकारच्याच २०१७ च्या पाहणीत त्यांच्यापैकी शंभरात सहांहून अधिक जण एचआयव्हीबाधित आढळले. सर्वसाधारण प्रौढांमध्ये हेच प्रमाण हजारात दोनच्या आसपास होते. आणि ही माणसे एकटी नसतात. त्यांना बायका असतात, होणारी मुले असतात.

या माणसांसाठी मुंबईत संकल्प ट्रस्टसारख्या संस्था १९९० च्या दशकापासून काम करीत आल्या आहेत. सुया बदलून देणे हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ती रोज, कर्मचाऱ्याच्या समोर, जिभेखाली ठेवायची. तिने नशेसाठी होणारी तडफड थांबते, सुईची गरज कमी होते, माणूस कामावर जाऊ शकतो. आपल्या सरकारने ही दोन्ही कामे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात घेतली आहेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्सविषयीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केलेले काम गुन्हा ठरणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

पण कायद्याला चालते म्हणून देवाला चालते असे होत नाही. तुमचा प्रश्न पापाचा होता, तेव्हा त्याकडे वळतो.

नीतिशास्त्राच्या जुन्या लॅटिन पुस्तकांत एका नोकराचे उदाहरण असे. मालक रात्री वाईट कामासाठी परक्या घराच्या खिडकीतून शिरतो आणि नोकराला शिडी धरायला सांगतो. नोकर दोषी की निर्दोष? संत आल्फोन्सस लिगोरी, ज्यांना चर्चने पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते मानले आहे, त्यांनी अशा प्रश्नांवर बारकाईने विचार केला. त्यांची मूळ कसोटी सोपी आहे. दुसऱ्याच्या पापात तुमचे मन सामील आहे का? ते पाप व्हावे असे तुम्हाला वाटते का? वाटत असेल तर तुम्ही भागीदार. वाटत नसेल आणि तुमच्या कृतीचा त्याच्या पापाशी केवळ बाहेरून संबंध येत असेल, तर तुमची कृती स्वतः वाईट आहे का, तिच्यामागे कारण किती गंभीर आहे आणि तुमच्यावाचून ते पाप थांबले असते का, हे पाहावे लागते.

ही कसोटी त्या खोलीतल्या कार्यकर्त्याला लावून बघा. समोरच्याने नशा करावी असे त्याला वाटते का? मी दोन आठवडे त्याच्याजवळ होतो. एखादा महिनाभर आला नाही आणि मग धुतलेला शर्ट घालून, "आता घेत नाही" असे सांगायला आला, की त्या कार्यकर्त्याचा चेहरा बघण्यासारखा होई. त्याच्या सुईवाचून नशा थांबली असती का? मी सुई दिली नाही, नशा थांबली नाही. माझ्या डोळ्यांदेखत थांबली नाही. सुया दिल्याने व्यसन वाढते का, हा रास्त प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये तोवरच्या सर्व अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा तसा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. संसर्ग कमी होतो याचा मात्र भक्कम पुरावा मिळाला. आणि सुई ही वस्तू स्वतः पाप नाही. तीच सुई आपल्या सरकारी दवाखान्यात लसीसाठी वापरतात.

म्हणून माझे मत असे आहे की, तो कार्यकर्ता शिडी धरणारा नोकर नाही. मालक खिडकीतून पडणारच आहे हे दिसल्यावर खाली गवत पसरणारा माणूस आहे तो. एवढेच की, ते गवत त्याला रोज पसरावे लागते.

मी हे लिहितो तेव्हा चर्चमधल्या मोठ्या माणसांचे मत याहून वेगळे होते हे लपवणे बरोबर नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनींनी, व्यसनींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शन घेता येईल असे केंद्र चालवण्याची तयारी केली होती. रोमच्या श्रद्धासिद्धांत विभागाने, ज्याचे प्रमुख तेव्हा कार्डिनल रात्झिंगर होते, त्यांना माघार घ्यायला सांगितले. सिस्टरांनी आज्ञा पाळली. ते केंद्र नंतर २००१ मध्ये तिथल्या युनायटिंग चर्चने सुरू केले. दिवंगत पोप फ्रान्सिस, ज्यांच्या दयाळूपणाबद्दल कुणाला शंका नव्हती, ते २०१४ मध्ये म्हणाले होते की नशेच्या जागी दुसरे औषध देणे हा पुरेसा उपचार नाही, ती आडून पत्करलेली शरणागती आहे. उलट बाजूला, २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी धर्मप्रांताच्या कॅथलिक सेवासंस्थेने तिथल्या बिशपांच्या संमतीने सुया बदलून देण्याचे काम सुरू केले. तेव्हा याबाबत चर्चमध्ये एकमत आहे असे मी म्हणू शकत नाही. नशा करायला जागा देणे आणि सुई बदलून देणे यांत फरक आहे, असे मला वाटते. पण तो फरक पुरेसा आहे की नाही यावर प्रामाणिक माणसांचे दुमत होऊ शकते.

पोप फ्रान्सिस यांचा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो, कारण त्यात तथ्य आहे. समाज असे करू शकतो. रोज एक गोळी हातावर ठेवायची, दार लावून घ्यायचे आणि या माणसाचे आणखी काही होणार नाही असे मनात ठरवून टाकायचे. हे घडते. गोळी जेव्हा माणसाला गप्प ठेवण्यासाठी दिली जाते तेव्हा ती शरणागतीच आहे. पण त्यावरचा इलाज गोळी काढून घेणे हा आहे का? की गोळीच्या सोबत खुर्ची देणे, नाव विचारणे, घरी पत्र टाकणे, तयार झाला की कृपा किंवा मुक्तांगणसारख्या ठिकाणी नेऊन सोडणे? मेलेल्या माणसाचे व्यसन कुणीच सोडवू शकत नाही. शुभवर्तमानातल्या त्या दयाळू शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाला, तू या रस्त्याने रात्री का आलास, असे विचारल्याचे कुठे लिहिलेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख खरोखर लिहायचा होता तिच्याकडे येतो. शोमरोन्याच्या गोष्टीतला एक तपशील आपण नेहमी घाईने वाचून पुढे जातो. त्याने जखमा बांधल्या, माणसाला खाणावळीत नेले आणि दुसऱ्या दिवशी निघताना खाणावळवाल्याला पैसे दिले. आणखी खर्च झाला तर परत येताना देईन, असेही सांगितले. म्हणजे त्याची दया एका दुपारची नव्हती. तिचा हिशेब पुढे चालू होता.

सुई आणि गोळीच्या या कामात हा पुढचा हिशेब हेच सर्वस्व आहे. आपल्याला टीबीचे माहीत आहे. गोळ्या दोन महिने घेतल्या, बरे वाटले, सोडल्या, की रोग आधीपेक्षा चिवट होऊन परत येतो. इथे त्याहून वाईट होते. ब्युप्रेनॉर्फिन एकदम बंद झाली की काही दिवसांत तडफड सुरू होते. माणूस पुन्हा गर्दकडे जातो, आणि शरीराची सवय मोडलेली असताना त्याने जुन्याच मापाने टोचून घेतले तर श्वास थांबून मरतो. ज्याला कधीच गोळी मिळाली नाही त्याच्यापेक्षा, ज्याची मिळत असलेली गोळी बंद झाली त्याचा धोका काही काळ जास्त असू शकतो. सुयांचेही तसेच. महिन्यातले पंचवीस दिवस नवी सुई मिळाली आणि पाच दिवस नाही, तर विषाणूला ते पाच दिवस पुरतात.

आणि पैसा तर असाच येतो-जातो. रोमानियात या कामाला ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीचा आधार होता. तो २०१० च्या सुमारास संपला, सरकारने जागा भरून काढली नाही, त्याच सुमारास बाजारात नव्या प्रकारची नशा आली, आणि काही वर्षांतच टोचून घेणाऱ्यांमधील एचआयव्ही अनेक पटींनी वाढला. ग्रीसमध्ये अथेन्सला २०११ मध्ये, आर्थिक संकटाच्या काळात, तेच झाले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा अनेक देशांत अशी केंद्रे एका आठवड्यात अडचणीत आली. कुणी सुई देणे पाप आहे असे ठरवून ती बंद केली नव्हती. फक्त कागदावरची एक तारीख उलटली होती. याच्या उलट उदाहरण आपल्या देशातलेच आहे. २०२० च्या टाळेबंदीत, रोज केंद्रावर येणे अशक्य झाल्यावर, ही गोळी काही दिवसांची एकदम घरी देण्याची मुभा देण्यात आली. तोपर्यंत गैरवापराच्या भीतीने ते कठीण मानले जात होते. चालू ठेवायचे असे मनात असले की वाट सापडते.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवत की चांगले काम न करणे आणि वाईट काम करणे यांत फरक आहे. बरोबर आहे. पण सुरू केलेले काम मध्येच सोडणे या दोहोंपैकी कशात मोडते? विहिरीत दोर सोडला, खालच्या माणसाने तो धरला, तो अर्ध्यावर आला आणि मी हात सोडला, तर "मी फक्त मदत थांबवली" असे मला म्हणता येईल का? मला वाटते, दोर सोडण्यापूर्वी मी मोकळा होतो. त्याने तो धरल्यानंतर मी तितका मोकळा राहिलो नाही.

म्हणून बैठकीत आलेल्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, पण ती ज्या रूपात आली त्या रूपात नाही. एका प्रायश्चित्तकाळाची रक्कम एकदा पाठवून, त्याचा फोटो काढून विषय संपवणे मला नको आहे. आपला धर्मग्राम लहान आहे. कापूस आणि सोयाबीनला भाव नसला की आपली दानपेटीही हलकी होते, हे मला तुमच्याइतकेच ठाऊक आहे. तेव्हा रक्कम लहान असू द्या, अगदी लहान, पण ती तीन वर्षे दर महिन्याला जाईल एवढीच ठरवू. तीन वर्षे जमणार नसेल तर सुरूच करू नये. हे पैसे एखाद्या घराच्या पत्र्यांचे आहेत असे ज्यांना वाटते त्यांचा आक्षेप मला सुयांच्या आक्षेपापेक्षा अधिक वजनदार वाटतो. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ते आपण सर्वांनी मिळून शोधायचे आहे.

एकीने मला मिस्सानंतर सुचवले की, पैसे फक्त मलमपट्टी आणि चहासाठी वापरावेत अशी अट घालू, म्हणजे मनाला लागणार नाही. तशी अट घालायला हरकत नाही. पण आपण चहाचे पैसे दिले की त्यांचे चहाचे वाचलेले पैसे सुयांकडे जाणार, हे समजून-उमजून घाला.

महागुरुस्वामींना मी पत्र लिहून हे सर्व कळवले आहे. त्यांचा सल्ला येईपर्यंत एक पैसाही पाठवला जाणार नाही. पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर शाळेच्या मोठ्या वर्गात आपण बसू. ज्यांचा विरोध आहे त्यांनी अवश्य यावे आणि आधी बोलावे. सूचना करणाऱ्या तरुणाला मी शेवटी बोलायला सांगितले आहे. ज्यांच्या घरात अशा व्यसनाचे दुःख आहे आणि ज्यांना सर्वांसमोर बोलणे जमणार नाही, त्यांच्यासाठी मी शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाच्या वेळेनंतर तासभर माझ्या खोलीत असेन.

तुमचा ख्रिस्तामध्ये,
धर्मगुरू